अमेरिकन बेसबॉलचे प्लेऑफ : सहा महिन्यांची कमाई, आठवड्याचा फैसला

अमेरिकेतील 'मेजर लीग बेसबॉल'मध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळपास रोजच सामना असतो. विजेता मात्र त्यानंतर होणाऱ्या प्लेऑफ लढतींतून ठरतो आणि त्यातील अंतिम मालिका 'वर्ल्ड सीरिज' या नावाने ओळखली जाते. सहा महिन्यांच्या परिश्रमांचे मोल अधिक की ऑक्टोबरमधील मोजक्या सामन्यांचे, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. प्लेऑफचा इतिहास म्हणजे बव्हंशी या वादाचाच इतिहास होय.

नॅशनल लीगची स्थापना १८७६ मध्ये झाली. तिला आव्हान देत १९०१ मध्ये अमेरिकन लीगने स्वतःला बरोबरीची लीग म्हणून घोषित केले आणि खेळाडूंच्या पळवापळवीला ऊत आला. समेट झाल्यानंतर १९०३ मध्ये दोन्ही लीगच्या अव्वल संघांत पहिली वर्ल्ड सीरिज खेळली गेली. बोस्टनने पिट्सबर्गला ५-३ असे नमविले. ही मालिका दोन संघमालकांच्या आपसातील करारावर झाली होती. तिला कोणत्याही नियमाचा आधार नव्हता.

त्याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला. १९०४ मध्ये नॅशनल लीग जिंकणाऱ्या न्यूयॉर्क जायंट्सने बोस्टनशी खेळण्यास चक्क नकार दिला. अमेरिकन लीग दुय्यम दर्जाची आहे, असे कारण संघमालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी पुढे केले. मॅकग्रॉ हे अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी भांडूनच १९०२ मध्ये जायंट्सकडे आले होते, हे लक्षात घेता या नकारामागे दर्जापेक्षा जुना राग अधिक असावा. टीका इतकी झाली की, स्वतः ब्रश यांनीच मालिकेचे नियम तयार केले. १९०५ पासून सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता, अशी पद्धत रुजली. मध्यंतरी १९१९ ते १९२१ या तीन वर्षांत मालिका नऊ सामन्यांची होती. १९१९ ची मालिका तर शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणाने गाजली. न्यायालयात निर्दोष सुटूनही आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली.

१९६८ पर्यंत पद्धत सोपी होती. साखळीत पहिला येणारा संघ थेट वर्ल्ड सीरिज खेळत असे, दुसऱ्याला काहीच मिळत नसे. १९६९ मध्ये प्रत्येक लीगमधील संघ बारा झाले. त्यांचे दोन विभाग पाडून विभागविजेत्यांत उपांत्य मालिका सुरू झाली आणि आपल्याकडे ज्याला प्लेऑफ म्हणतात तो प्रकार खऱ्या अर्थाने अवतरला. विसंगतीही लगोलग दिसू लागली. १९७३ मध्ये साखळीत अवघे ८२ विजय मिळविणाऱ्या न्यूयॉर्क मेट्सने ९९ विजय मिळविणाऱ्या सिनसिनाटी रेड्सला घरी पाठविले. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे हंगामाचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा विजेता प्लेऑफला घेण्यात आला. दोन्ही तुकडे मिळून सर्वोत्तम कामगिरी रेड्सचीच होती. पण एकाही तुकड्यात पहिला क्रमांक नसल्याने ते बाहेरच राहिले!

जुन्या पद्धतीचा निरोपही असाच कठोर होता. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १०३ सामने जिंकले. त्याच विभागात अटलांटा ब्रेव्ह्जने १०४ जिंकल्याने जायंट्सच्या पदरी काहीही पडले नाही. पुढील वर्षी प्रत्येक लीगचे तीन विभाग करून 'वाइल्ड कार्ड' आणण्याचे ठरले. टेनिसमध्ये वाइल्ड कार्ड ही आयोजकांची मेहेरबानी असते. येथे मात्र विभागविजेते वगळता सर्वाधिक विजय मिळविणाऱ्या संघालाच ते मिळते.

प्रत्यक्षात १९९४ मध्ये प्लेऑफ झालेच नाहीत. संघमालकांचा वेतनमर्यादेचा आग्रह खेळाडूंना अमान्य होता. १२ ऑगस्टला संप सुरू झाला आणि १४ सप्टेंबरला उर्वरित हंगाम रद्द झाल्याची घोषणा करण्यात आली. दोन महायुद्धांतही न थांबलेली वर्ल्ड सीरिज पैशाच्या वादाने थांबली. सर्वाधिक फटका बसला तो कॅनडातील माँट्रियल एक्स्पोजला. ७४ विजय आणि ४० पराभव अशा कामगिरीसह हा संघ सर्वांच्या पुढे होता. तोंडचा घास गेला, पाठोपाठ प्रमुख खेळाडू गेले, प्रेक्षकही रोडावले. २००५ मध्ये संघच वॉशिंग्टनला हलविण्यात आला. माँट्रियलच्या नशिबी प्लेऑफ आले ते एकदाच, १९८१ च्या त्या तुकड्यांच्या हंगामात. वॉशिंग्टन नॅशनल्स या नव्या नावाने या संघाने २०१९ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली, तीही वाइल्ड कार्डच्या दारातून येऊन.

वाइल्ड कार्ड १९९५ मध्ये लागू झाले. १९९७ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्स हा या मार्गाने आलेला पहिला विजेता ठरला. २०१२ मध्ये प्रत्येक लीगला दुसरे वाइल्ड कार्ड मिळाले आणि २०२२ पासून एकूण बारा संघ प्लेऑफ खेळतात. प्रत्येक लीगमधील पहिले दोन विभागविजेते थेट दुसऱ्या फेरीत जातात, इतरांना तीन सामन्यांची मालिका खेळावी लागते. अधिक संघ म्हणजे अधिक सामने आणि दूरचित्रवाणीचे अधिक उत्पन्न, हे गणित उघड आहे. शिवाय, सप्टेंबरमध्ये अधिक शहरांतील आशा जिवंत राहते, हेही नाकारता येत नाही.

थेट प्रवेश मिळालेल्या संघांना मात्र विश्रांती मानवतेच असे नाही. २०२३ मध्ये शंभराहून अधिक विजय मिळविणारे ब्रेव्ह्ज आणि बाल्टिमोर ओरिओल्स तसेच बरोबर शंभर विजयांचे लॉस एंजेलिस डॉजर्स, हे तिन्ही संघ आपल्या पहिल्याच मालिकेत गारद झाले. वर्ल्ड सीरिज रंगली ती टेक्सास रेंजर्स आणि अॅरिझोना डायमंडबॅक्स या दोन वाइल्ड कार्ड संघांत. २०२५ मध्ये साखळीतील सर्वाधिक ९७ विजय मिलवॉकी ब्रुअर्सचे होते. ९३ विजयांच्या डॉजर्सने त्यांना उपांत्य मालिकेत ४-० असे हरविले आणि पुढे टोरांटो ब्लू जेजवर सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात मात करून सलग दुसरे विजेतेपद पटकावले.