मुक्ताचा निबंध आणि वर्गातले तीन तास

मागच्या वेळी आपण पंतोजींच्या शाळेपाशी थांबलो होतो. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, मोडीचं वळण घटवायचं. या शाळेला नावं ठेवणं सोपं आहे. पण हिशेब मांडणारा, पत्र वाचणारा माणूस तिथूनच तयार होत होता. तिथे नव्हतं ते एकच: मुलाने स्वतः पाहिलेलं, स्वतःला सुचलेलं काही लिहावं, ही अपेक्षा.

आता 1855 सालात या. ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत एक निबंध छापला गेला. विषय, मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली, वय साधारण 14. शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली!

या निबंधाचं कौतुक पुष्कळ होतं, आणि व्हायलाच हवं. मी तो एका शिक्षकाच्या नजरेने पाहतो. म्हणजे असं, की तीन वर्षांत ह्या मुलीला काय शिकवलं असेल, की ती असं लिहू शकली?

पहिलं म्हणजे युक्तिवाद. ती विरोधकाचंच विधान उचलते. वेद आमचेच, ते तुम्ही पाहायचेही नाहीत, असं ब्राह्मण म्हणतात ना? ठीक. मग आम्हांला धर्मग्रंथ नाही, असंच झालं. आणि ग्रंथच नाही तर आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावं. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. समोरच्याचं गृहीतक मान्य करून त्याला अडचणीत आणायची ही रीत एम.ए.च्या मुलांनाही चटकन जमत नाही.

दुसरं म्हणजे इतिहास. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं काय होई, गुलटेकडीच्या मैदानावर काय चाले, वाड्यांच्या पायांत माणसं कशी पुरली जात, हे ती लिहिते. हे तिला क्रमिक पुस्तकात मिळालं असेल का? मला नाही वाटत. पेशवाई बुडाली 1818 साली. म्हणजे मध्ये अवघी 37 वर्षं. पेशवाई पाहिलेली म्हातारी माणसं वस्तीत हयात असणार. तिने ते घरी, वस्तीतच ऐकलं असावं, आणि शाळेने तिला सांगितलं असावं की हेही लिहिण्याजोगं आहे. आणखी एक. महारही मांगांना खालचे समजतात, हेसुद्धा ती लिहून टाकते. दोष फक्त पलीकडच्यांचा, असं म्हणून ती मोकळी होत नाही.

इथे वाचन, लेखन आणि समाजशास्त्र असे तीन वेगळे तास उरतच नाहीत. आपण मात्र ते वेगळे केले, आणि निबंधाला विषय दिला, ‘माझा आवडता ऋतू’. मुलं तो गाइडमधून उतरवतात. का नाही उतरवणार? त्यात त्यांचं स्वतःचं असं काही अडलेलंच नसतं.

शिक्षक मला विचारतात, सर, मग करायचं काय? सहावी-सातवीच्या मुलांना सांगा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला एकच प्रश्न विचारून या: तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरायचे, आणि कुणाला भरू देत नसत? उत्तर पाच-सहा वाक्यांत, त्यांच्याच शब्दांत लिहायचं. शुद्धलेखनाला त्या दिवशी लाल शाई नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी एकमेकांचं लिखाण मोठ्याने वाचायचं. एकाच गावातल्या दोन आज्यांची उत्तरं जुळली नाहीत, की खरा तास सुरू होतो. कुणाचं खरं? का वेगळं? दोघी राहत कुठे होत्या? मग नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला समतेचा धडा उघडा. मुलं तो वेगळ्या नजरेने वाचतील. वर्गात कुणाची आजी अपमान झालेल्या बाजूची असेल, तर ते वाचायचं की नाही हे त्या मुलालाच ठरवू द्या. सक्ती नको.

फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, सामान्य इतिहास-भूगोल, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य, इतकं मागितलं. यादी साधीच आहे. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा हवा हेही आहे: नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला जो लाजणार नाही, आणि खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळेल, असा. आयोगांना अभ्यासक्रमाच्या याद्या आवडतात. या दुसऱ्या मागणीकडे आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रवेशप्रक्रियेने कधी पाहिलंय, असं मला तरी दिसलेलं नाही.