मालेगावात ऊन, साल्हेरवर धुके: गडावर जाण्यापूर्वी माथ्याचे हवामान कसे पाहावे?

मालेगावहून साल्हेर, मुल्हेर किंवा मांगी-तुंगीला निघताना अनेक जण मोबाइलवर मालेगावचे हवामान पाहतात. पण तो अंदाज शहराचा असतो, गडाच्या माथ्याचा नाही. मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटरवर आहे. बागलाण तालुक्यातला साल्हेर, म्हणजे राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटरवर आहे. मधल्या अकराशे मीटरमध्ये तापमान, वारा आणि ढग, तिन्ही बदलतात.

माथ्यावर काय बदलते?

तापमान: उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. मालेगावात ३० अंश असतील, तर साल्हेरच्या माथ्यावर साधारण २३ अंश धरावेत. हिवाळ्याच्या पहाटे हा हिशेब चुकू शकतो. थंड हवा जड असल्याने ती खाली साचते आणि कधी कधी पायथाच माथ्याहून गार असतो.

वारा: पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे सर्वांत जोरात वाहतात ते सुमारे दीड किलोमीटर उंचीवर. साल्हेरचा माथा जवळपास त्याच उंचीवर येतो. त्यामुळे गावात झाडाचे पान हलत नसतानाही वर उभे राहणे कठीण होऊ शकते.

ढग: दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि ढग तयार होतो. खालून जो ढग दिसतो, तेच माथ्यावरच्या माणसासाठी धुके असते. मालेगाव पर्जन्यछायेत असल्याने तिथे कोरडे असले, तरी गडावर पाऊस असू शकतो.

धोका किती गंभीर असतो?

ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याच्या एका गटाची पाऊस आणि धुक्यात वाट चुकली. त्यात एका ट्रेकरचा मृत्यू झाला. ओले कपडे आणि जोराचा वारा एकत्र आले, की शरीर झपाट्याने उष्णता गमावते. त्यासाठी बर्फाळ प्रदेशच लागतो असे नाही.

अंदाज कुठे आणि कसा पाहावा?

१. आधी हवामान विभागाचा इशारा पाहावा. विभाग 'नाशिक' आणि 'नाशिक घाट' असे वेगळे इशारे देतो, दोन्ही वाचावेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर गडाचा बेत पुढे ढकलावा.

२. ठिकाण नीट निवडावे. वाशिम जिल्ह्यातही मालेगाव आहे. शहराचे नाव टाकण्याऐवजी नकाशावर थेट गडावर बोट ठेवून अंदाज पाहावा.

३. उंचीवरचा वारा पाहावा. विंडीसारख्या अॅपमध्ये उंची बदलता येते. तिथे '८५० हेक्टोपास्कल' हा थर निवडावा. तो साधारण दीड हजार मीटरवर, म्हणजे साल्हेरच्या माथ्याजवळ असतो. वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे असेल, तर उघड्या कड्यावर तोल सांभाळणे अवघड होते.

४. विजांसाठी 'दामिनी' अॅप वापरावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे हे अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना देते.

५. शेवटची नजर सटाण्यातच टाकावी. हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, इथेच पाहून घ्यावा. पुढे नेटवर्क मिळेलच असे नाही.

अंदाजावर किती विसंबावे?

मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज देते. हे आधीच्या १२ किलोमीटरपेक्षा बरेच बारीक आहे. तरीही एका चौकोनात माथा, दरी आणि पायथ्याचे गाव एकत्र येतात आणि त्यांची उंची सरासरी धरली जाते. म्हणून माथा अंदाजापेक्षा थंड आणि वारा जास्त असेल, असे गृहीत धरणे सुरक्षित.

गडावर असताना हवा बदलली तर?

• एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये वादळी ढग बहुधा दुपारनंतर तयार होतात. माथ्यावरून दुपारपूर्वीच उतरायला लागावे.

• वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. माथा, एकटे झाड आणि लोखंडी कठडे लगेच सोडावेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये.

• विजा होत असताना गुहेच्या तोंडाशी थांबू नये. खडकातून येणारा प्रवाह तिथे धोक्याचा ठरतो.

• धुक्यात पुढची खूण दिसेनाशी झाली, तर नवी वाट शोधू नये. गटाने एकत्र थांबावे, कोरडे कपडे घालावेत आणि ११२ वर संपर्काचा प्रयत्न करावा.

परत फिरण्याची वेळ घरी सांगूनच निघावे. साल्हेरवाडी किंवा वाघांबे, कोणत्या वाटेने चढणार हेही सांगावे. उशीर झाला, तर शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरूनच ठरते.