चोलमंडलचे चित्रकार

मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप मराठी रसिकांच्या परिचयाचा आहे. १९४७ साली निघालेला तो गट लवकरच पांगला. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. त्याच्याही तीन वर्षे आधी, १९४४ मध्ये, मद्रासेत म्हणजे आजच्या चेन्नईत, के. सी. एस. पणिक्कर प्रभृतींनी प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन स्थापन केली होती. त्या परंपरेतील मंडळी मात्र एका जागी नांदली.

कॉफीच्या पेल्याभोवती जमून रेखाटने करणारे मित्र कोणत्याही शहरात भेटतात. अडते ते दुसऱ्या दिवशीच्या जेवणापाशी! पणिक्कर मद्रासच्या शासकीय कलाशाळेचे प्राचार्य होते. हाताशी आलेले विद्यार्थी पोटापायी कुंचला खाली ठेवतात, हे त्यांना सलत होते. चित्र विकत घेणारे मोजके; बाटिकचे रंगीत कापड घेणारे पुष्कळ. तेव्हा काही वेळ बाटिकसारख्या हस्तव्यवसायाला द्यावा, माल एकत्रितपणे विकावा आणि उरलेला वेळ चित्राला द्यावा, असा व्यवहार ठरला. याच कमाईच्या बळावर शहराच्या दक्षिणेस, इंजंबाक्कम येथे समुद्राजवळ जमीन घेतली गेली आणि १९६६ साली चोलमंडल हे कलाग्राम वसले. कोरोमंडल हे किनाऱ्याचे नाव याच शब्दाचा अपभ्रंश मानतात.

कारागिरीने कलावंत उणा होतो, हा समज खरे तर भरल्या पोटाचा. येथे बाटिकने चित्रकाराला कोणा आश्रयदात्याच्या दारी जाऊ दिले नाही. पणिक्कर १९७७ मध्ये निवर्तले. चित्रकारांची घरे आणि चित्रदालन तेथे अद्याप आहेत.