‘५२ एक्स’ म्हणजे किती? जुन्या तबकड्यांच्या वेगाचा हिशेब

मापं बदलली की हिशेब नव्याने शिकावा लागतो, हे आपल्या आज्यांनी अनुभवलंय. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणा झाला सव्वासहा नव्या पैशांचा. आता तो वरचा पाव कुणाच्या पदरात पडायचा? संगणकाच्या मापांतही अगदी असाच घोळ आहे. आज तो आपण सोडवू.

आधी दोन मापं समजून घेऊ. बिट म्हणजे एक दाणा आणि बाइट म्हणजे आठ दाण्यांची चिमूट. मोबाईलच्या जाहिरातीत वेग सांगतात तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे दाण्यांत. फाईलचा आकार मात्र एमबीत, म्हणजे चिमटींत. एकातून दुसऱ्यात जायचं तर ८ ने भागायचं किंवा गुणायचं.

१९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्यात २४ इंच रुंदीच्या ५० तबकड्या एकावर एक फिरायच्या. सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची, आणि वाचायचा वेग होता सेकंदाला ८,८०० अक्षरं. तेव्हाच्या एका अक्षरात माहितीचे ६ बिट असत, आजच्यासारखे ८ नव्हे. म्हणजे ८,८०० गुणिले ६, झाले ५२,८०० बिट. भागिले ८, झाले ६,६०० बाइट.

पुढे साडेतीन इंची फ्लॉपी आली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीचा वेग सेकंदाला ५ लाख बिट, म्हणजे ६२,५०० बाइट.

मग आली सीडी. ती मुळात गाण्यांसाठी. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी तिचे नियम ठरवले आणि १९८२ साली ती जपानच्या बाजारात आली. गाणं नीट ऐकू यावं म्हणून यंत्र दर सेकंदाला तबकडीचे ७५ तुकडे वाचायचं. पुढे त्याच तबकडीवर संगणकाची माहिती ठेवू लागले, तेव्हा प्रत्येक तुकड्यात २,०४८ बाइट माहिती बसली. ७५ गुणिले २,०४८, म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. हाच ‘१ एक्स’. एक्स म्हणजे पट, आणि पट कशाची, तर गाण्याच्या चालीची.

पण सीडीच्या ड्राइव्हवर १ एक्सचा वेग ‘१५० केबी’ असा सांगतात. मग वरचे ३,६०० बाइट कुठे गेले? संगणकवाले एक केबी १,०२४ बाइटचा धरत. १५० गुणिले १,०२४ केलं की बरोबर १,५३,६०० येतात. किलो म्हणजे मात्र १,०००. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १,०२४ च्या मापाला ‘किबी’ असं वेगळं नाव दिलं गेलं. तरी जुन्या खोक्यांवर जुनंच माप राहिलं.

आता ५२ एक्स घ्या. ५२ गुणिले १,५३,६०० म्हणजे ७९,८७,२०० बाइट, साधारण ८ एमबी. दाण्यांत म्हणाल तर ६४ एमबीपीएस. पण हा वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो. आतल्या बाजूला तो निम्म्याहूनही कमी असतो. त्या वेळी तबकडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. त्याहून जोरात फिरवली तर तडकायची भीती.

डीव्हीडीचा ‘१ एक्स’ वेगळाच. तो सेकंदाला सुमारे १३,८५,००० बाइट, म्हणजे सीडीच्या नऊपट. म्हणून १६ एक्सची डीव्हीडी ५२ एक्सच्या सीडीपेक्षा वेगवान. नुसता आकडा मोठा म्हणून वेग मोठा, असं समजू नका.

हे सगळं आपल्याला कशाला? आमच्या गटांच्या कपाटांत अशा सीड्या पडून आहेत. कुणाकडे पापड-लोणच्याच्या प्रशिक्षणाच्या चित्रफिती, कुणाकडे थोरल्या बायांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्यांतल्या काहीजणी आता आपल्यात नाहीत; त्यांचा आवाज तेवढा उरलाय. सीडी कायम टिकत नाही, आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो. आज ना उद्या हे आवाज काढून ठेवावे लागतील, आणि ते काम करणारा तासावर पैसे मागेल.

तेव्हा हिशेब आपल्याजवळ हवा. ७४ मिनिटांची भरलेली सीडी १ एक्सने ७४ मिनिटांत उतरते, ८ एक्सने सव्वानऊ मिनिटांत. इंटरनेटवर १० एमबीपीएस वेगाने चढवली तरी साधारण तेवढाच वेळ, कारण १० भागिले ८ म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, आणि तो जवळपास सीडीचा ८ एक्सच होतो. चरे पडलेली सीडी यंत्र पुन्हापुन्हा वाचतं, तिला जास्त वेळ द्यावाच लागेल. पण चांगल्या सीडीला कुणी अर्धा दिवस सांगितला, तर कारण विचारायला संकोचू नका.

पुढच्या बैठकीत एवढं एक काम करू. प्रत्येकीने घरातल्या सीड्या आणायच्या, कुणाच्या आवाजाची कोणती ते वहीत नोंदवायचं, आणि सगळ्यात जुनी आधी उतरवायची.