गणकयंत्राचा लाल डोळा

गणकयंत्रांविषयी लिहिताना बहुतेक अभ्यासक त्यांचा वेग आणि स्मरणशक्ती यांकडे वळतात. माझे कुतूहल मात्र त्यांच्या कडेवरच्या एका काळसर लाल खिडकीपाशी अडून राहिले. ह्युलेट-पॅकार्ड (एचपी) या अमेरिकी कंपनीने १९८६ साली १८सी आणि पुढच्याच वर्षी २८सी हे गणक आणले. त्या खिडकीमागे अवरक्त प्रकाश देणारा एलईडी होता. छपाईयंत्राकडे जाणारी तार त्याने नाहीशी केली.

जाणकार या पद्धतीला ‘रेड आय’ म्हणतात. दिव्याची उघडझाप सेकंदाला ३२,७६८ या गतीने होते. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिकही याच गतीने कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाचा ठोका उरतो. एका अक्षरासाठी आठ बिट, आणि त्यांच्या जोडीला चूक दुरुस्त करणारे आणखी चार. हे चार जास्तीचे का? कारण गणकाला बोलता येत होते, ऐकता येत नव्हते. ‘नीट कळले नाही, पुन्हा सांग’ असे छपाईयंत्र म्हणू शकत नव्हते. बारापैकी एखादा बिट वाटेत हरवला तरी उरलेल्यांवरून तो ताडता यावा, ही ती सोय.

दुसरी अडचण वेगाची. छपाईयंत्र संथ, एका ओळीत चोवीस अक्षरे उमटवणारे. ओळ छापून झाली की नाही, हे गणकाला कळायचे कसे? तो अंदाजाने थांबे. पुढच्या ४८ मालिकेत हा विराम मुळात १.८ सेकंदांचा असे आणि तो ६.९ पर्यंत वाढवता येई. शिक्षकाने फळ्यावर एक ओळ लिहावी, वह्यांकडे न पाहता मनात अंक मोजावेत आणि पुढची ओळ लिहावी, तसेच हे. मला तर या काटकसरीतच खरी हुशारी दिसते.

१९९० च्या ४८एसएक्समध्ये गणक ऐकूही लागला. दोन गणक डोक्याला डोके लावून, फार तर पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवले की एकाची समीकरणे दुसऱ्यात जात. (काही हौशींनी याच दिव्याने घरातला टीव्हीही चालवला, तो भाग वेगळा.) १९९५ चा ३८जी तर शाळांसाठीच होता, शिक्षकाने तयार केलेला पाठ प्रकाशावाटे विद्यार्थ्याच्या यंत्रात उतरे.

परीक्षागृहाला हेच खुपले. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या एसीटी परीक्षेने ३८जी, ३९जी आणि ४८जी यांची खिडकी जाड, अपारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण झाकण्याची अट घातली. वर्गात जी वाट पाठ पोचवण्यासाठी उघडली, तीच परीक्षेच्या दिवशी बुजवायची! पाच सेंटिमीटरवरून कॉपी करणारे पर्यवेक्षकाला दिसणार नाहीत, हे मला पटत नाही. यंत्रात साठवलेल्या मजकुराची धास्ती अधिक खरी होती, आणि तिच्यावर चिकटपट्टीचा इलाज चालत नव्हता. अभियंत्यांच्या परवाना परीक्षा घेणाऱ्या तिथल्या मंडळाने २००४ पासून ठरावीक साध्या गणकांनाच प्रवेश ठेवला.

एचपीचा ३५एस २००७ साली आला. अभियंत्यांच्या त्या परीक्षेत तो चालतो. त्याला खिडकी नाही, तारेसाठी छिद्रही नाही. त्यातली आज्ञावली दुसऱ्या यंत्रात न्यायची तर एकेक कळ दाबून ती पुन्हा भरावी लागते.