तिग्रे कोण आणि तिग्रिन्या कोण?

नोव्हेंबर २०२० मध्ये इथियोपियाच्या उत्तरेकडील प्रांतात युद्ध पेटले. प्रिटोरिया येथे करार झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. या दोन वर्षांत आपल्याकडील बातम्यांत त्या प्रांताचे नाव कधी टिग्रे, कधी टायग्रे, तर कधी तिग्राय असे येत असे. परक्या नावाचे उच्चार चुकायचेच, असे म्हणून हा गोंधळ सोडून देता आला असता. पण येथे एक अडचण आहे. ‘तिग्रे’ या नावाचे लोक खरोखरच आहेत, आणि ते त्या प्रांतातले नव्हेत. ते शेजारच्या एरिट्रिया देशात राहतात. त्यांची भाषा वेगळी आहे, बहुतेकांचा धर्म वेगळा आहे, इतिहासही वेगळा आहे.

तेव्हा आधी नावे नीट लावून घेऊ. ‘तिग्राय’ हा इथियोपियातील प्रांत. तेथील बहुसंख्य लोकांची भाषा तिग्रिन्या. ते लोक स्वतःला ‘तेगारू’ म्हणवतात. सीमेपलीकडे, एरिट्रियाच्या उंच पठारावर राहणाऱ्या लोकांची भाषाही तिग्रिन्याच. मात्र एरिट्रियात त्या लोकांनाही ‘तिग्रिन्या’ असेच म्हणतात. आणि पठाराच्या उत्तरेला, पूर्वेला व पश्चिमेला जो सखल, उष्ण प्रदेश पसरला आहे, तेथे राहणारे ते तिग्रे. त्यांच्या भाषेचे नावही तिग्रे. ते स्वतः तिला ‘तिग्रायित’ असेही म्हणतात. म्हणजे प्रांताच्या नावाशी भाषेचे हे नाव अगदी जुळते, पण ही भाषा त्या प्रांतात बोलली जात नाही!

‘तिग्रिन्या’ या शब्दातील ‘-इन्या’ हा भाषावाचक प्रत्यय आहे. तो मूळचा अम्हारिक भाषेतला. अम्हारा लोकांची ती ‘अमारिन्या’, तशी ही तिग्रिन्या. आपण गुजरातवरून गुजराती म्हणतो त्याच धर्तीवर. अम्हारा लोक तिग्रायमधील माणसाला ‘तिग्रे’ म्हणत आले. आज तेथील अनेकांना ते अपमानकारक वाटते. जुन्या युरोपीय प्रवाशांनी हाच शब्द उचलला. हेन्री सॉल्ट या इंग्रज प्रवाशाच्या १८१४ सालच्या ग्रंथात ‘तिग्रे’ म्हणून ज्या प्रांताचे वर्णन येते तो आजचा तिग्राय. जुने ग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर एका लोकांचा इतिहास दुसऱ्यांच्या नावावर लागतो. आपणही यात अगदी निर्दोष नाही. आपला ‘हबशी’ हा शब्द अरबीतून आला. अहमदनगरच्या निजामशाहीतील मलिक अंबरपासून जंजिऱ्याच्या सिद्दींपर्यंत सर्वांना आपण तो एकच शब्द लावला. त्यांपैकी कोण कोणत्या भाषेचा, हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही.

आता प्रदेश पाहू. लाल समुद्रावरील मस्सावा बंदरातून निघालेली सडक सुमारे ११५ किलोमीटरमध्ये अस्मारा शहरात पोचते, आणि तेवढ्यात ती २,३०० मीटरहून अधिक उंची चढते. वर थंड हवा, बैलांचा नांगर, जव, गहू आणि ‘तेफ’ नावाचे बारीक धान्य. गावे वसलेली, जमिनीचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, आणि गावोगाव ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्च. हे तिग्रिन्या भाषकांचे जग. खाली उंट, शेळ्या आणि गुरे घेऊन चाऱ्यामागे फिरणारे तिग्रे भाषक, बहुतेक मुसलमान. गंमत अशी की पठारावर पाऊस पडतो जून ते सप्टेंबरमध्ये आणि समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला हिवाळ्यात. त्यामुळे कळपांना वर्षातून दोनदा हिरवळ मिळू शकते, आणि डोंगरउतारावर या दोन्ही लोकांची गाठ पडत राहते.

धर्मावरून मात्र ओळख पटवू नये. तिग्रिन्या बोलणारे मुसलमान आहेत, त्यांना ‘जेबेर्ती’ म्हणतात. आणि तिग्रे बोलणाऱ्या मेन्सा जमातीत ख्रिस्ती आहेत. स्वीडिश मिशनने त्यांच्यात काम केले; ‘नवा करार’ तिग्रे भाषेत १९०२ सालीच छापला गेला.

मग या दोन भाषा वेगळ्या, हे कशावरून ठरवायचे? दोन्ही सेमिटिक कुळातल्या, म्हणजे अरबी आणि हिब्रूच्या नातलग. याची खूण पटवण्यासाठी इतिहासाच्या शिक्षकांजवळ एक चांगले साधन आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन मराठी कागदांत सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहीत असत : सलास, अर्बा, खमस, समान, अशर. म्हणजे तीन, चार, पाच, आठ, दहा. तिग्रे भाषेत हेच आकडे सलस, अरबअ, हमस, समान, असर असे आहेत. आपल्या मोडी कागदांत आलेले शब्द ही अरबीची उसनवारी. तिग्रेतील शब्द मात्र उसने नव्हेत. ते समान पूर्वजाकडून वारशाने आलेले आहेत. उसनवारी आणि वारसा यांत फरक करणे हे भाषाशास्त्राचे पहिले काम, आणि ते नियमित ध्वनिबदलांच्या आधारे करता येते. अरबी ‘खम्सा’मधल्या ‘ख’च्या जागी तिग्रेत घशातला ‘ह’ येतो; तसाच तो इतर कितीतरी शब्दांत येतो. एखाददुसरा शब्द योगायोगाने जुळेल, नियम योगायोगाने जुळत नाही.

आता तिग्रिन्यातले आकडे पाहा. तीन म्हणजे सेलेस्ते, चार अर्बाते, पाच हामुश्ते. मूळ तेच, पण शेवटी ‘ते’ जोडलेले. आणि ‘एक’ या आकड्याला तर मोठी गंमत आहे. तिग्रिन्यात एक म्हणजे ‘हादे’, हा प्राचीन गीझ भाषेतील ‘अहदू’चा वंशज. तिग्रेत मात्र एक म्हणजे ‘वोरो’! पहिल्याच आकड्याला दोन भाषा फुटतात.

व्याकरणात फरक अधिक पक्के दिसतात. कुत्र्याला अरबीत ‘कल्ब’ म्हणतात, तिग्रेत ‘कलब’. तिग्रिन्याला शब्दाच्या शेवटी जोडव्यंजन चालत नाही, म्हणून ती तेथे ‘ई’ लावते : ‘केल्बी’. कानाला तिग्रेत ‘इझन’, तिग्रिन्यात ‘इझ्नी’. इंग्रजीतील ‘द’सारखे निश्चितदर्शक उपपद तिग्रेत ‘ला’ आहे. ते नामाला पुढून चिकटते आणि लिंगवचनानुसार बदलत नाही. ‘ला-बेत’ म्हणजे ते (ठरावीक) घर. तिग्रिन्यात त्यासाठी सुटा शब्द आहे आणि तो बदलतो : पुल्लिंगी ‘इती’, स्त्रीलिंगी ‘इता’. नकार पाहा. तिग्रेत क्रियापदाच्या आधी ‘इ’ लावला की काम झाले, आणि गीझमध्येही असेच होते. तिग्रिन्यात नकार दोन्ही बाजूंनी धरतो, आधी ‘आय’ आणि शेवटी ‘न’ : ‘आयफेल्लितिन’, म्हणजे मला माहीत नाही. अम्हारिकमध्येही नकार असाच दोन तोंडांचा आहे, फक्त प्रत्यय वेगळे.

अस्माराचा शेतकरी आणि बार्का खोऱ्यातील उंटवाला आपापल्या भाषेत बोलू लागले तर त्यांना ओळखीचे शब्द भरपूर सापडतील, पण वाक्य सुटणार नाही. मराठी आणि बंगाली माणसांचे साधारण असेच होते.

वर गीझचे नाव आले. चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना याच्या काळात या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच सुमारास गीझ लिपीत व्यंजनाला स्वरचिन्हे जोडण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक व्यंजनाची सात रूपे. आपल्या बाराखडीचीच ही धाकटी बहीण म्हणावी, निदान तत्त्वाने तरी. गीझ बोलण्यातून जाऊन हजार वर्षे होत आली, चर्चमध्ये ती अजून टिकून आहे. संस्कृतशी तुलना लगेच सुचते. पण ‘गीझ ही तिग्रे आणि तिग्रिन्या यांची आई’ हे सर्रास वाचायला मिळणारे विधान घाईचे आहे. दोन्ही भाषांत काही जुनी वैशिष्ट्ये अशी आहेत की जी लिखित गीझमधून थेट निघत नाहीत. तिला आईऐवजी मावशी म्हणणे बरे.

हे नाते कसे मांडायचे, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो उद्बोधक आहे. रॉबर्ट हेट्झ्रॉन यांनी १९७२ मध्ये या भाषांचे दोन गट मांडले. उत्तरेकडील गटात गीझ, तिग्रे, तिग्रिन्या. दक्षिणेकडील गटात अम्हारिक, हरारी, गुरागे वगैरे. दक्षिण गट बऱ्यापैकी भक्कम आहे. उत्तर गटाविषयी मात्र पुढे शंका घेतल्या गेल्या. त्या तिघींतील बरीचशी साम्ये ‘जुने टिकवून ठेवले’ एवढ्याच स्वरूपाची आहेत. उदाहरणार्थ, घशातून काढायचे प्राचीन ध्वनी दोघींनी टिकवले, अम्हारिकने टाकून दिले. आपल्याजवळचे उदाहरण घेतले तर मुद्दा स्पष्ट होईल. मराठी आणि गुजरातीने नपुंसकलिंग टिकवले, हिंदीने सोडले. एवढ्यावरून मराठी व गुजराती यांचे वेगळे घराणे सिद्ध होत नाही. जुना वाडा दोघांनी पाडला नाही इतकेच. घराणे सिद्ध करायचे तर दोघांनी मिळून काही नवे बांधलेले दाखवावे लागते. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ लावताना हीच कसोटी वापरतात. त्यांची संगणकीय पद्धत भाषांनाही लावली गेली आहे. अँड्र्यू किचन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २५ सेमिटिक भाषांच्या शब्दयाद्या तपासून असा अंदाज काढला की इथियोपिया-एरिट्रियातील या सर्व भाषांचा पूर्वज सुमारे २,८०० वर्षांपूर्वी अरबस्तानातून एकदाच आला असावा. अंदाजच तो, पण तिग्रायमधील येहा येथील प्राचीन अवशेषांच्या काळाशी तो फारसा विसंगत नाही.

भाषा अशा वेगळ्या करता येतात. लोकांच्या बाबतीत मात्र प्रकरण इतके सरळ राहत नाही.

एरिट्रियाच्या उत्तरेतील बेत अस्गेदे या घराण्याची परंपरा सांगते की त्यांचा मूळ पुरुष पठारावरून खाली उतरला. त्याच्या वंशजांनी सखल भागातील लोकांवर सत्ता मिळवली आणि भाषा मात्र त्या लोकांचीच, म्हणजे तिग्रे, उचलली. एकोणिसाव्या शतकात ते ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झाले. पण जमातींची नावे तशीच राहिली. ‘आद तेमारियाम’ या नावात मेरी आहे. ‘आद तक्लेस’ आणि ‘हबतेस’ ही नावे येशूच्या नावावरून बनलेली. जिते लोक आपल्या कुळांना ‘शुमागल्ले’ म्हणवीत, आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या, दूध-तूप व जनावरांचे देणे भरणाऱ्या लोकांना ‘तिग्रे’ म्हणत. म्हणजे हा शब्द येथे भाषेचा किंवा वंशाचा नव्हताच. तो वेठीचा होता. बेनी आमेर जमातीतही असेच, फक्त तेथे वरच्या वर्गाचे नाव ‘नबताब’. त्यांच्यात तर तिग्रे बोलणारे आहेत, तसेच बेजा या सर्वस्वी वेगळ्या भाषेचे भाषकही आहेत.

इटलीने १८९० मध्ये एरिट्रिया वसाहत स्थापली तेव्हा हे वर्ग तसेच राहू दिले. १९४१ मध्ये इंग्रजांनी इटलीला हुसकले, आणि याच दशकात तिग्रे कुळांनी देणी भरण्यास नकार दिला. चळवळ पसरली. डिसेंबर १९४६ मध्ये केरेन गावी मुस्लिम लीग स्थापन झाली. तिचे सरचिटणीस इब्राहिम सुलतान हे याच मुक्तिचळवळीतून पुढे आले होते. वेठीचे नाव यानंतर हळूहळू एका भाषेचे आणि एका लोकसमूहाचे नाव म्हणून उभे राहिले. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला. आज त्या देशाने मान्य केलेल्या नऊ समूहांत तिग्रिन्या आणि तिग्रे हे दोन सर्वांत मोठे आहेत. एरिट्रियात स्वातंत्र्यानंतर पूर्ण जनगणना झालेली नाही. अंदाजाने तिग्रिन्या निम्मे आणि तिग्रे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरले जातात.

तिग्रिन्याच्या बाजूला याच्या उलट घडले. तेथे भाषा एक आणि देश दोन. १९९८ ते २००० या काळात एरिट्रिया व इथियोपिया सीमेवर लढले, तेव्हा दोन्ही तीरांवरच्या गावांची भाषा तिग्रिन्या होती. २०२० मध्ये एरिट्रियाचे सैन्य इथियोपियाच्या केंद्रीय सैन्याच्या बाजूने तिग्रायमध्ये शिरले. तेथील लोकांना धमक्या ऐकायला मिळाल्या त्याही पुष्कळदा त्यांच्याच भाषेत.

तिग्रे भाषेचा शास्त्रीय अभ्यास ज्याच्यामुळे पायावर उभा राहिला तो जर्मन पंडित एन्नो लिटमान. १९०५-०६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मोहिमेवर तो मेन्सा लोकांत गेला आणि कथा, नावे, चालीरीती व सातशेहून अधिक गाणी गोळा करू शकला. या संग्रहामागे नफ्फा वद एत्मान या मेन्सा तरुणाचे काम फार मोठे आहे. तो पुढे युरोपात जाऊन लिटमानजवळ बसून मजकूर लावीत होता. १९०९ मध्ये तो परत निघाला, पण घरी पोचलाच नाही. मारिया ह्योफ्नर यांच्यासह लिटमानने केलेला तिग्रेचा कोश १९६२ मध्ये पुरा झाला.

एरिट्रियात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे धोरण आहे, आणि तिग्रेची पाठ्यपुस्तके गीझ लिपीत छापली जातात. पुष्कळ तिग्रे पालकांना मात्र मुलांनी अरबीतून शिकावे असे वाटते. ती लिपी त्यांच्या दृष्टीने पठारावरच्या चर्चची आहे. शिवाय अरबी आली की सुदानात आणि आखाती देशांत काम मिळते. तिग्रेची हद्द कोठे संपते हेही अजून पुरते ठरलेले नाही. मस्सावासमोरच्या दहलाक बेटांवरील बोली तिग्रेचीच समजली जात असे. १९९० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक मारी-क्लोद सिमोन-सेनेल यांनी तिची नोंद घेऊन ती स्वतंत्र भाषा असल्याचे म्हटले. सर्वांना ते मान्य नाही.