ढिगारा आधी उपसा

शनिवारी तेलघाणा बंद ठेवतात म्हणून ज्या कोकणात बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ हे नाव पडलं, तिथल्या वाचकाला शब्बाथ म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत काम नाही. विस्तव पेटवायचा नाही, खणायचं नाही, ओझं घेऊन रस्त्याने जायचं नाही. तोरात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, हा दिवस मोडणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, असं मात्र तोरात कुठेही सरळ म्हटलेलं नाही. तरी आज जगातला सर्वांत कर्मठ यहुदीसुद्धा हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या माणसासाठी शनिवारी फोन उचलतो, गाडी काढतो, आणि त्याबद्दल प्रायश्चित्त घेत नाही. या नियमाला ‘पिक्कुआख नेफेश’ म्हणतात. तो आयता मिळालेला नाही. त्याच्या मुळाशी रक्त आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद आहे.

रक्ताची हकिगत इ.स.पू. 167 च्या सुमाराची. सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. तेव्हा कित्येक कुटुंबं यहुदियाच्या रानात, गुहांमध्ये जाऊन लपली. सैन्याने त्यांना नेमकं शब्बाथच्या दिवशी गाठलं. त्यांनी दगड भिरकावला नाही, गुहेचं तोंडही बुजवलं नाही. बायकामुलांसह सुमारे हजार माणसं मेली, असं मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात नोंदलेलं आहे. ही बातमी मोदिइनचा पुरोहित मत्तथिया आणि त्याच्या साथीदारांपर्यंत पोचली. सगळेच असे वागले तर शत्रू आपलं नाव पुसून टाकील, असा विचार करून त्यांनी ठरवलं, की शब्बाथला हल्ला झाला तर लढायचं. यात शास्त्रार्थ नव्हता, वचनाचा आधार नव्हता. हा लढणाऱ्यांनी घेतलेला निर्णय होता.

तोही अर्धामुर्धाच. हल्ला झाला तर हात उचलायचा, एवढीच मुभा. शंभरेक वर्षांनी, इ.स.पू. 63 मध्ये, पाँपीने जेरुसलेमच्या मंदिराला वेढा घातला तेव्हा रोमनांनी ही फट बरोबर हेरली. शब्बाथला ते हल्ला करत नसत, फक्त तटाला भिडणारा मातीचा बांध चढवत राहत. अंगावर कोणी येत नसल्याने आतले लोक बघत बसले. बांध पुरा झाला, यंत्रं वर चढली आणि मंदिर पडलं. इतिहासकार जोसेफसने हे लिहून ठेवलं आहे.

पुढची पायरी युद्धाची नाही, गल्लीतली आहे. इ.स. 200 च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी मिश्ना हा तोंडी परंपरेचा संग्रह सिद्ध केला. त्याच्या योमा प्रकरणात शब्बाथला घर कोसळल्याचा दाखला येतो. ढिगाऱ्याखाली कोणी आहे की नाही ठाऊक नाही, असलाच तर जिवंत की मेलेला ठाऊक नाही, यहुदी की परका तेही ठाऊक नाही. तरी ढिगारा उपसायचा. ‘पिक्कुआख’ हा शब्द या उपसण्यावरूनच आला. घसा दुखत असेल तर तोंडात औषध घालावं, कारण त्यात जिवाला धोका असण्याची शंका आहे, असंही तिथेच सांगितलं आहे. माझ्या मते या नियमाचा कणा ‘शंका’ हाच आहे. संकट नक्की असेल तर कोणीही धावेल. इथे मात्र नुसता संशय शब्बाथवर मात करतो.

मिश्नावर पुढे झालेल्या चर्चेचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यातले दाखले तर अगदी घरगुती आहेत. पोर समुद्रात पडलं तर जाळं टाकून ओढून काढा, जाळ्यात मासे आले तरी हरकत नाही. पोर आत आणि दार बंद झालं तर दार फोडा, मग त्याच्या फळ्या का होईनात. परवानगीसाठी पंचांकडे जाऊ नका. जेरुसलेमच्या तालमूदाने तर विचारत बसणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीत बसवलं आहे, आणि ज्या रब्बीला विचारावं लागलं त्यालाही दोष दिला आहे. का, तर लोकांना हे आधीच शिकवून ठेवणं त्याचं काम होतं.

एवढं झाल्यावरही आधार कशाचा, हा प्रश्न उरलाच. रब्बी इश्माएल, रब्बी अकिवा, रब्बी एलाझार बेन अझर्या वाटेने चालले असताना तो निघाला, अशी कथा आहे. प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं. एलाझार म्हणाले, सुंता शब्बाथला करता येते. शरीराच्या 248 अवयवांपैकी एकासाठी शब्बाथ बाजूला सरतो, तर अख्ख्या देहासाठी का सरू नये? आणखी कोणी म्हणालं, एक शब्बाथ मोडू द्या, वाचलेला माणूस पुढे कितीतरी पाळेल. हे उत्तर मला थोडं हिशेबी वाटतं. जो उद्यापर्यंतच जगणार आहे त्याचं काय? बॅबिलोनियातला शमुएल तिसऱ्या शतकातला, वैद्यक आणि खगोल जाणणारा. त्याने लेवीय ग्रंथातलं एक वचन काढलं. आज्ञा पाळून माणसाने जगावं, असा त्याचा आशय. त्यातच मरू नये हे आलं, असं शमुएलने म्हटलं. बाकी उत्तरांत फट आहे, बहुतेक तर मरण नक्की असेल तेव्हाच लागू पडतात, हे पुढे रावा या तालमूदातल्या विद्वानाने दाखवून दिलं. टोपलीभर भोपळ्यांपुढे एक झणझणीत मिरी, अशी शमुएलच्या उत्तराची वाखाणणी तालमूदातच केलेली आहे.

नियमाला कुंपणही आहे. लोद गावी नित्झाच्या घराच्या माडीवर विद्वानांनी ठरवलं, की तीन गोष्टी जीव वाचवण्यासाठीही करायच्या नाहीत: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि दुसऱ्याचा खून. खुनाच्या बाबतीत रावाचा मुद्दा साधा होता. तुझं रक्त त्याच्या रक्तापेक्षा जास्त लाल कशावरून?

आणि एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या ग्रंथांत हे कर्तव्य मुख्यतः आपल्या माणसांपुरतंच होतं. परक्यासाठी शब्बाथ मोडावा का, यावर शतकानुशतकं काथ्याकूट झाला. परवानगी दिली ती बऱ्याचदा शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून दिली गेली. आज इस्रायलच्या इस्पितळांत शनिवारी येणाऱ्या रुग्णाचा धर्म पाहून उपचार ठरत नाहीत. पण तिथवरची वाट लांबलचक होती.

मैमोनिदेस हा बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा धर्मशास्त्री. त्याने लिहिलं, की रोग्यासाठी शब्बाथ मोडायची वेळ आली तर ते काम पोराटोरांकडून किंवा परधर्मीयांकडून करवून घेऊ नये, थोर विद्वानांनी स्वतः करावं. म्हणजे लोकांच्या मनात किंतु राहणार नाही. 1848 साली विल्नात कॉलऱ्याची साथ होती. रब्बी इस्राएल सलांतर यांनी योम किप्पूरच्या उपासालाही जेवा असं जाहीर केलं, आणि स्वतः सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर खाल्लं, असं सांगतात.

ढिगाऱ्याच्या त्याच चर्चेतून दुसरी एक फांदी फुटली. उपसताना माणूस मेलाय हे ओळखायचं कसं? नाकाशी श्वास पाहायचा, असं तालमूद सांगतं. 1986 साली इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने मेंदूच्या मुळाचं आणि श्वसनाचं काम कायमचं थांबणं म्हणजे मृत्यू असं मानून हृदय प्रत्यारोपणाला मान्यता दिली, तेव्हा याच श्वासाचा आधार घेतला. रब्बी एल्याशीव यांच्यासारख्या बड्यांना ते पटलं नाही. 2008 मध्ये इस्रायलने त्यावर कायदा केला.

उरतो परतीचा प्रश्न. जीव वाचला, आता शनिवारी घरी यायचं कसं? पहिल्या शतकात थोरले रब्बान गमलिएल यांनी सुईणीला आणि मदतीला धावून आलेल्यांना पोचल्या जागेपासून चहूकडे दोन हजार हात फिरायची मुभा दिली. 1960 च्या दशकात ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये ‘हत्झोला’ ही स्वयंसेवकांची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी गाडी चालवत परत यायला परवानगी दिली. परतीची सोय नसेल तर पुढच्या वेळी माणूस निघतानाच कचरेल, असं त्यांचं म्हणणं. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन ऑवरबाख यांनी ते मान्य केलं नाही. म्हणून आजही काही तुकड्यांतले स्वयंसेवक स्वतः गाडी चालवत परततात, तर काही ठिकाणी त्यांना परत आणायला शनिवारपुरता बिगर-यहुदी चालक ठेवलेला असतो.